शुद्ध करून दिलेली पानं

४ ऑगस्ट, रविवार

मानसिंगच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत आज चौघं बसलो. कल्पना माझीच. मी कादंबरी लिहिणार आहे हे भोरमध्ये इतक्या लोकांना सांगून झालंय की आता कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून मी लिहीतही नाही. हे एकटीनं होणारं काम नाही, एवढं कबूल करायला मला चाळिशी गाठावी लागली.

मानसिंग लग्नाचे फोटो काढून कंटाळलाय. त्याला धरणाकाठच्या माणसांचे असे फोटो काढायचेत, ज्यात कुणीच कॅमेऱ्याकडं बघत नाही. आनंदरावकाका भाटघरचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. गाडी चालवताना मनात घोळलेली गाणी त्यांना विहारातल्या गायन मंडळासाठी नीट बांधायचीत. चौथी रत्ना. वेल्ह्याकडं उपकेंद्रात नर्स आहे. माझ्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात अहवाल टाइप करून घ्यायला येते. तिची वाडी वेल्ह्याच्या वर डोंगरात, धनगरांची. घरी म्हशी आणि शेरडं. मागं एकदा अहवाल तपासता तपासता म्हणाली, "ताई, मलाबी काहीतरी लिवायचंय. आमच्या आईवर." म्हणून तिला बोलावलं.

ठरलं ते असं. एक रविवार आड जमायचं आणि जे केलं ते दाखवायचं. मधल्या दिवसांत जोडीदारानं रोज सकाळी फोन करून विचारायचं, कामाला बसलात का. माझी जोडी रत्नाशी.

९ ऑगस्ट

फोनची युक्ती लागू पडतेय. रत्नाचा फोन येतो तेव्हा मी खरंच टेबलापाशी असते, कारण तिला खोटं सांगायला जीभ रेटत नाही. ती ड्यूटीवर निघायच्या आधी लिहिते. फोनवर मागं म्हशीच्या घंटेचा आवाज येतो.

माझं पहिलं प्रकरण पुन्हा सुरू केलंय. नायिका पुण्यात शिकणारी, एका प्राध्यापकांच्या घरी भाड्यानं राहणारी. आईनं विचारलं, कुणावर लिहितेस? म्हटलं, कुणावर नाही, काल्पनिक आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

मी वाचलं. मानसिंग म्हणाला, भाषा चांगली आहे. काकांनी मान डोलावली आणि मग विचारलं की ती मुलगी मूळची कुठली. मी म्हटलं, ते अजून ठरलेलं नाही.

मग रत्नानं वाचलं. फुलस्केपवर पेननं लिहिलेली पानं. सुरुवातच अशी: "आमच्या आईनं म्हशीला कवा मारलं न्हाई. आमाला मात्र लई मारलं." मानसिंग मोठ्यानं हसला आणि पुढच्याच वाक्याला गप्प झाला. पुढं एक जागा होती. "धुकं बसलं की तोरणा दिसायचा न्हाई, पर तितंच हाय हे ठावं असायचं. आई तशी हुती." काकांनी चष्मा काढून पुसला. वाचून झाल्यावर कुणी बराच वेळ बोललं नाही. माझं वाचून झाल्यावर सगळे लगेच बोलले होते.

मी म्हटलं, छानच आहे, पण हे सगळ्या महाराष्ट्रानं वाचायचं असेल तर भाषेचा विचार करावा लागेल. संवादात बोली चालते, निवेदन प्रमाण भाषेत हवं. रत्ना लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "मला त्यातलं कळत न्हाई ताई. तुमी सांगाल तसं." मी म्हटलं, पानं माझ्याकडं दे, टाइप करते आणि करता करता शुद्धही करते. तिला केवढा आनंद झाला. मलाही बरं वाटलं. आपल्याला येतं ते दुसऱ्याच्या उपयोगी पडावं, त्यासाठीच हा गट आहे.

२३ ऑगस्ट

रत्नाची पानं टाइप केली. वाटलं त्यापेक्षा जास्त काम निघालं. "आमच्या आईने म्हशीला कधीच मारले नाही, आम्हाला मात्र तिने पुष्कळ चोप दिला." आता हे वाक्य कुठंही छापता येईल. तोरण्याचं असं केलं: "धुक्यामुळे तोरणा दिसत नसे, तरी त्याचे अस्तित्व जाणवत असे. आईचे व्यक्तिमत्त्वही असेच होते." विताना म्हैस अडते तेव्हा आई रात्रभर तिच्याशी बोलत राहते, तो भाग लांबला होता. काढून टाकला. घरगुती बोलणं आहे, बाहेरच्या वाचकाला त्यात काय रस?

दिवसभर उत्साहात होते. माझं स्वतःचं मात्र आज राहून गेलं.

१ सप्टेंबर, रविवार

मी टाइप केलेलं रत्नानं वाचून दाखवलं. मध्येच अडखळत होती. मानसिंग म्हणाला, मागच्या वेळी जास्त मजा आली होती, नाही का? काका म्हणाले, पहिल्यांदा ऐकताना नवं वाटतं, त्यामुळं असेल. रत्ना माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, आता ते साहित्य झालंय, मजा हा निकष नाही.

काकांनी त्यांचं गाणं म्हटलं. त्यात "हितं" आलं होतं, ते "इथे" करा असं मी सुचवलं. ते म्हणाले, मग चालीत बसत नाही. तरी बघतो म्हणाले.

१२ सप्टेंबर

रत्नाचा फोन आला. आता ती थेट शुद्ध भाषेतच लिहितेय म्हणाली, म्हणजे मला त्रास नको. हळू होतंय. एकेक वाक्य मनात दोनदा म्हणून बघावं लागतं. मी म्हटलं, घाई करू नकोस, दोन दिवस नाही लिहिलंस तरी काही बिघडत नाही. ती म्हणाली, बरं.

हे मी चांगल्या मनानंच म्हटलं.

२९ सप्टेंबर, रविवार

रत्नानं दीड पान आणलं होतं. वाचताना मध्येच थांबली. कागद उलटा ठेवला आणि म्हणाली, "हे माझं न्हाई वाटत. दुसऱ्याच कुणाची तरी आई वाटतीय." मानसिंगनं समजूत घातली, असे दिवस येतात, त्याचे तर निम्मे फोटो फेकून द्यावे लागतात. काका म्हणाले, पोरी, पहिल्यांदा आणलंवतंस तसं आण. ती म्हणाली, ते अशुद्ध होतं काका.

मी माझी वही पिशवीत घातली. येताना बाजारातून भाजी घेतली आणि पुलावर नदीकडं बघत थोडी थांबले. मला हलकं वाटत होतं. कशामुळं ते कळेना.

१३ ऑक्टोबर, रविवार

रत्ना आली नाही. लसीकरण असेल. मानसिंगनं भाटघरच्या एका म्हातारीचा पाठमोरा फोटो आणला होता, धरणाच्या पाण्याकडं बघणारी. फार चांगला. मी वाचायला काही नेलं नव्हतं.

१९ ऑक्टोबर

रत्नाचा फोन बंद झालाय, म्हणजे येत नाही. मीही केला नाही. ती कामात असणार, उगीच कशाला?

खरं लिहायचं तर तिच्या फोनशिवाय मी टेबलापाशी बसतच नाही. सकाळी चहा घेते, दुकान उघडते, संध्याकाळी वही चाळते आणि मिटते. ती विचारायची म्हणून मी लिहायचे. माझ्यात शिस्त आहे असं मी दोन महिने समजत होते, ती शिस्त वेल्ह्याहून यायची.

२७ ऑक्टोबर, रविवार

रत्ना आजही नाही. मानसिंगनं तिला फोन केला होता. ती म्हणाली, मला नाही जमायचं, तुम्ही तिघं करा. तो माझ्यावर चिडला. तुझी जोडीदार ना ती, तू काय करतेस? मी म्हटलं, तिला कामाचा ताण आहे.

निघताना जिन्यात काका म्हणाले, "गायत्री, तिची हातानं लिवलेली पानं तुझ्याकडंच हायती न्हवं? मला जरा वाचायला दे. ती म्हशीची जागा मला पुन्हा ऐकायचीय." मी म्हटलं, शोधून देते. शोधायची गरज नव्हती. दुकानातल्या खणात वरच ठेवली आहेत.

२९ ऑक्टोबर

काकांना द्यायच्या आधी पानं वाचायला घेतली. दुकान बंद करून बसले होते.

म्हैस अडलेली आहे. ठकुबाई, म्हणजे रत्नाची आई, तिच्या पाठीवर हात ठेवून बोलतेय. स्वतःच्या बाळंतपणाचं सांगतेय म्हशीला, जे पोरींना कधी सांगितलं नाही ते. रत्ना लहान आहे, झोपल्याचं सोंग घेऊन सगळं ऐकतेय. आपल्या आधीचा भाऊ जगला नाही, हे तिला म्हशीमुळं कळतं.

हे मी काढून टाकलं होतं. घरगुती बोलणं म्हणून.

हे खोटं आहे आणि इथं तरी खोटं लिहू नये. ऑगस्टमध्येच मला कळलं होतं की हे चांगलं आहे. माझ्यानं असं कधी लिहून झालेलं नाही हेही त्याच क्षणी कळलं होतं. मग मी पेन्सिल घेतली. बोली, प्रमाण, महाराष्ट्रातला वाचक, हे सगळं नंतर आणलं. ती अडखळली तेव्हा मला हलकं वाटलं होतं. ते कशामुळं, हे आता लिहायची गरज नाही.

आईनं विचारलं, जेवत का नाहीस. पोट दुखतंय म्हटलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीच्या गडबडीचं निमित्त करून दिवस ढकलले. आज दुकान बंद ठेवून वेल्ह्याला गेले. नसरापूरला गाडी बदलली. मार्गासनी, विंझर जाईपर्यंत काय बोलायचं ते जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्य छापील निघत होतं.

रत्ना उपकेंद्राच्या ओट्यावर बसून रजिस्टर भरत होती. मला बघून उठली, पाणी दिलं. मी पानं तिच्यापुढं ठेवली. म्हटलं, तुझं आधीचंच बरोबर होतं. मी बिघडवलं.

ती म्हणाली, असं काही नाही ताई, मलाच येत नाही.

मग सांगावंच लागलं. "रत्ना, मला ते चांगलं वाटलं होतं. माझ्यापेक्षा चांगलं. म्हणून मी ते बदललं."

तिनं रजिस्टर मिटलं. मला वाटलं रडेल किंवा ओरडेल. त्यातलं काहीच झालं नाही. एकदम सावकाश बोलली.

"म्या तुमच्यावर भरवसा ठेवला. मला वाटलं, आपलं बोलणंच वंगाळ हाय. मागल्या आठवड्यात आई उपकेंद्रात आलेल्या बायांशी बोलत हुती, तर म्या तिला म्हणलं, लोकांसमोर असं बोलू नगं. ती गप बसली. अजून माझ्यासमोर जपून बोलतीय."

मला वर बघता येईना. माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "मला म्हणून काय उपयोग? त्या दोघांनाबी वाटतंय, म्याच टिकले न्हाई. त्यांना तुमी सांगा."

पानं तिनं उचलून पिशवीत ठेवली. एक बाई बाळ घेऊन आली म्हणून ती आत गेली. मी थोडा वेळ थांबले आणि आलेल्याच गाडीनं परतले. तिकीट काढताना कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, तर पटकन गावाचं नाव आठवेना.

१० नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. वाटलं होतं त्याहून अवघड गेलं. मानसिंग म्हणाला, म्हणजे इथं बसून तू आमचं काम मोडत होतीस. मी म्हटलं, हो. त्याला हो ऐकायचं नव्हतं बहुतेक. तो कॅमेऱ्याची बॅग उघडून उगीचच लेन्स पुसत बसला.

मी म्हटलं, मी यायचं बंद करते.

काका म्हणाले, "त्यानं कुणाचं काय भलं हुणार? तुझी लाज तुला घरी घेऊन बसायचीय, म्हंजे आमाला दिसायला नगं. हितंच बस. फक्त दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा न्हाई."

मग त्यांनी जोड्या बदलल्या. रत्नाला रोज काका फोन करणार. मला मानसिंग. मानसिंगनं मान हलवली, पण माझ्याकडं न बघता.

काकांनी गाणं म्हटलं. "हितं" परत होतं.

१५ नोव्हेंबर

मानसिंगचा फोन आला. "बसलीस?" "हो." ठेवला. एवढंच. तरी बसले. प्राध्यापकांच्या घरातली ती मुलगी पुढं काही करेना. तिचं पुढं काय होणार ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यावंसंही वाटत नाही. प्रकरण फाडलं नाही, बाजूला ठेवलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

रत्ना आली. काकांच्या शेजारी बसली. मानसिंगशी हसून बोलली. मला विचारलं, आईची तब्येत कशी आहे, आणि मी बरी म्हटल्यावर पुढं काही नाही. आता ती मला ताई म्हणत नाही. काहीच म्हणत नाही, नाव न घेता बोलते.

तिनं नवीन वाचलं. म्हशीच्या जागेच्या पुढचं. फार थोडं, पण जिवंत. मी ऐकत होते आणि पुन्हा तेच वाटलं, तोच हेवा. जाईल असं वाटलं होतं, गेला नाही. या वेळी तो आहे हे माहीत होतं, एवढाच फरक. हात मांडीखाली दाबून बसले.

८ डिसेंबर, रविवार

आज बैठक रत्नाच्या वाडीवर झाली. पहिला भाग पुरा झाला म्हणून तिनं सगळ्यांना बोलावलं. वेल्ह्यातून मानसिंगच्या मोटरसायकलवर काका गेले, मी वाडीच्या दुधाच्या टेम्पोतून. अंगणात वाडीतल्या बाया जमल्या होत्या, शेरडं मध्ये मध्ये येत होती. ठकुबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. बारीक, उंच, डोक्यावर पदर. रत्नानं वाचायला सुरुवात केली.

पहिल्याच वाक्याला ठकुबाई म्हणाल्या, "मारलं न्हाई कसं? एकदा मारलं हुतं."

सगळ्या हसल्या. रत्ना थांबली, कधी मारलं ते विचारलं. ठकुबाईंनी सांगितलं, नवरा गेला त्या वर्षी, दुसरं कुणी जवळ नव्हतं म्हणून म्हशीला मारलं, आणि मग तिच्याच गळ्यात पडून रडले. सांगताना त्या जपून बोलत नव्हत्या. रत्नानं तिथंच पेन काढून समासात लिहून घेतलं.

भाऊ जगला नाही त्या जागेला ठकुबाईंनी पदर तोंडाला लावला. "तू जागी हुतीस व्हय गं?" एवढंच म्हणाल्या.

नंतर त्या माझ्यासाठी दुधाचा चहा घेऊन आल्या. दोन्ही हातांनी कप दिला. म्हणाल्या, "तुमीच न्हवं मशीनीवर लिवून दिलं पोरीला? लई केलंत. एरवी कोन करतंय एवढं?"

रत्नानं घरी सांगितलेलं नाही. मी तिच्याकडं बघितलं. ती बघत होती, मी काय बोलते ते. मी म्हटलं, "न्हाई ठकुबाई. तुमच्या पोरीनं सगळं आपलं आपण केलं. माझ्यामुळं तिचं अडलं होतं." त्यांना वाटलं मी मोठेपणा दाखवतेय. आणखी साखर पाहिजे का म्हणाल्या.

चहा गोड होता. तो संपवणं फार जड गेलं.

२२ डिसेंबर, रविवार

आज मी वाचलं. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

वडिलांवर आहे. मी हे कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. ते भोरच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर मोत्यासारखं, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकायचं. एका सलूनची पाटी त्यांनी केली, आशीर्वादमधली शी पहिली काढली. एक गुरुजी येता-जाता पाटीखाली थांबून ते मोठ्यानं वाचायचे, तसंच, आखूड करून, आणि आजूबाजूचे हसायचे. मी चौथीत होते. वडिलांनी घरी येऊन मला विचारलं, बाळे, कसं लिवायचं असतं ते? मी माझ्या शाळेच्या पाटीवर लिहून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते शिडी आणि रंगाचा डबा घेऊन निघाले आणि मला म्हणाले, तूबी चल. बाजारात सगळे बघत होते. ते शिडीवर चढले आणि ब्रश खाली माझ्याकडं धरला.

तिथवरच लिहून झालं होतं. वडिलांचं बोलणं ते घरात बोलायचे तसंच ठेवलं होतं. एक शब्दही सुधारला नव्हता, तरी वाचताना कान तापले होते. वाचून कागद खाली ठेवला. कुणी बोललं नाही. मी कुणाकडं बघितलं नाही.

रत्ना म्हणाली, "मग? पुढं काय झालं?"

तिच्या आवाजात माया नव्हती. माझ्यावरचा तिचा राग अजून आहे, आणि तो असायलाच हवा. पण तिला पुढचं ऐकायचं होतं. थोडी पुढं सरकून बसली होती.

"पाटी बदलली का न्हाई त्यांनी?" तिनं पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, अजून लिहिलं नाही.

"लिवा की मग," ती म्हणाली, आणि चहाचे कप गोळा करायला उठली.